पुसलेली पाटी

खाणावळीची थोरवी तिच्या स्वयंपाकावरून ठरते असा सामान्य समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. ज्या जागीं मनुष्याला दर आठवड्यास त्याच बांकावर बसून, त्याच मित्रांशीं, त्याच विषयावर भांडतां येतें, तिलाच तो आपली खाणावळ म्हणतो. मग स्वयंपाकहि गोड लागूं लागतो.

आमची अशी एक जागा पनवेलास आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं नवे अध्यापक म्हणून आम्ही ह्या गांवीं आलों, तेव्हां पगार बेताचा आणि भूक मात्र अफाट, अशी आमची स्थिति होती. इतिहास शिकविणाऱ्या एका मित्रानें आम्हांला जुन्या बाजारांतील एका सिंधी उपाहारगृहांत नेलें. पांच टेबलें, एक कुरकुरणारा पंखा आणि दारावर एक पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'कराची' असा शब्द होता.

तेथील दाल-पकवान आम्हीं प्रथम खाल्लें तें स्वस्त म्हणून. दुसऱ्यांदा खाल्लें तें चांगलें म्हणून. तळलेल्या मैद्याचें तें खुसखुशीत पकवान मोडावें, त्यावर हरभऱ्याची डाळ घ्यावी आणि चिंचेची चटणी ओतावी. रविवारीं कढी असते. आपल्या कढींत ताक असतें. ह्या कढींत ताकाचा थेंबहि नसतो. बेसन तेलांत खरपूस भाजून त्यांत चिंचेचा कोळ घालतात आणि शेवग्याच्या शेंगा, भेंडी, बटाटे सोडतात. आमचे वकील मित्र हिला कढी म्हणावयास अजून तयार नाहींत. मात्र भात ते दोनदां मागून घेतात.

मालकांना सिंधी रीतीप्रमाणें आम्ही 'दादा' म्हणतों. त्यांचे वडील फाळणीनंतर कराचीहून आगबोटीनें मुंबईस आले. कांहीं वर्षें त्यांनीं कल्याणजवळच्या लष्करी छावणींत काढलीं. त्या छावणीच्या वस्तीला 1949 सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. दादांचा जन्म तेथलाच. त्यांनीं कराची कधीं पाहिली नाहीं. वडिलांकडून घर आलें नाहीं, जमीन आली नाहीं. एक कढी आली आणि एक नांव आलें.

ह्या नांवावर आमचे इतिहासकार मित्र दर रविवारीं व्याख्यान देत. सिंध प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यांतच होता. म्हणजे कराची आणि पनवेल हीं एकाच गव्हर्नराच्या अमलाखालचीं गांवें. कराचींतील जुन्या सरकारी शाळेला आजहि नारायण जगन्नाथ वैद्य ह्या शिक्षणाधिकाऱ्यांचें नांव आहे. "तेथें वैद्यांची पाटी चालते, येथें दादांची चालते, हिशेब पुरा झाला!" असें म्हणून ते तिसरें पकवान मागवीत.

2020 सालीं मुंबईंतील अशाच नांवाच्या एका मिठाईच्या दुकानाला नांव बदलावयास सांगण्यांत आलें, तें वर्तमानपत्रांत सर्वांनींच वाचलें. आम्हीं तें वाचून त्यावर विनोदहि केला. पुढें एका रविवारीं आम्ही जेवत असतां चार तरुण आंत आले. आरडाओरडा नाहीं, शिवीगाळ नाहीं. "काका, हें नांव काढा," एवढेंच ते म्हणाले. दादांनीं एकवार आमच्या टेबलाकडे पाहिलें. तेथें इतिहास होता, कायदा होता, आणि वर्गांत मिल्टनच्या 'अॅरिओपॅजिटिका'वर तास तास बोलणारे आम्हीहि होतों. वैद्यांचें नांव कोणाला आठवलें नाहीं. आमच्या तोंडांत घास होता. तो आम्हीं फार वेळ चावला.

पुढच्या रविवारीं पाटीवर पांढरा रंग दिसला. उरलें होतें नुसतें 'उपाहारगृह'. आम्ही कांहीं बोलण्याची तयारी करूं लागलों, तों दादाच म्हणाले, "प्रोफेसरसाब, कढी तर तीच आहे ना?" आणि न मागतां त्यांनीं आमच्या ताटांत आणखी एक पळी वाढली.

कढी तीच होती. परंतु त्या दिवसापासून तिची चव घेतांना आम्हांला दादांची ती नजर आठवते. त्यांत तक्रार नव्हती. इतकीं वर्षें जेवूं घातलेल्या माणसांकडून एक शब्द येईल, एवढीच अपेक्षा होती. आणि शब्द हाच तर आमचा धंदा!

इतिहासाचे मित्र आतां व्याख्यान देत नाहींत. मात्र बसल्याबरोबर ते मोठ्यानें म्हणतात, "दादा, चार ताटें कराचीची कढी!" दादांचा नातू दचकून दाराकडे पाहतो. दादा मात्र हंसतात. दारांत त्या वेळीं कोणी नसतें, हें आम्हां सर्वांना ठाऊक असतें.