आयटॅम मोट : काढून टाकलेलं आणि उरलेलं

इंग्लंडच्या केंट परगण्यात, सेव्हनोक्स गावाजवळ, आयटॅम मोट नावाचं एक मॅनर हाउस आहे. म्हणजे जमीनदाराचं राहतं घर. चारही बाजूंनी पाण्याचा खंदक, त्यावर तीन पूल, मध्ये चौक आणि चौकाभोवती सत्तरहून जास्त खोल्या. बांधकामाचा सर्वांत जुना पुरावा १३२० च्या दशकातला. पुढच्या कुठल्याही मालकाने हे घर मुळापासून पाडून नवं उभारलं नाही. ज्याला जे नकोसं झालं तेवढंच त्याने काढलं किंवा झाकलं. म्हणून या घराचा इतिहास मला त्यातून गेलेल्या गोष्टींच्या क्रमाने वाचावासा वाटतो.

आधी गेला धूर. त्या काळच्या इंग्रज जमीनदाराच्या मोठ्या दालनात जाळ पेटायचा तो जमिनीच्या मधोमध. धुराडं नसायचं. धूर वर चढायचा आणि छपरातल्या झरोक्यातून वाट काढायचा. छत इतकं उंच ठेवण्यामागे हेही एक कारण. केंटमधल्याच पेन्सहर्स्ट प्लेसच्या १३४१ च्या दालनात मधोमधची अष्टकोनी चूल अजून जागेवर आहे. आयटॅम मोटच्या दालनात आज जाळासाठी भिंतीतली शेकोटी आहे, आणि तिच्याभोवतीची सजावट एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांनी केलेली. छत मात्र अजून तेवढंच उंच आहे.

धुरामागून एकत्र जेवण गेलं. दालनाच्या एका टोकाला चौथऱ्यावर मालकाचं कुटुंब, खाली लांब बाकांवर कारभारी, नोकर, वाटसरू. रात्री त्यातलेच कितीतरी जण तिथेच अंग टाकायचे. जाळ भिंतीत गेला, भिंतीतून धुराडं वर चढलं, तशी वरच्या मजल्यावरची खोलीही उबदार ठेवता येऊ लागली. मालक तिकडे निघून गेला. मग बसायची खोली वेगळी, जेवायची वेगळी, आणि नोकरांचे जाण्यायेण्याचे मार्गही वेगळे. चौदाव्या शतकातली ती पंगत समतेची नव्हती. कोण वर बसणार आणि कोण खाली, हे जन्मानेच ठरलेलं होतं. तरी आपली माणसं काय खातात हे मालकाला रोज डोळ्यांनी दिसत होतं. ते दिसणं बंद झालं. इंग्रज घरांच्या साऱ्या वास्तुइतिहासात याहून मोठी घट मला दुसरी दिसत नाही. पुढची कितीतरी दालनं, जिने आणि पडव्या या एकाच अंतराची सोय लावण्यासाठी बांधल्या गेल्या.

रंग. १५२१ मध्ये राजदरबारातल्या सर रिचर्ड क्लेमंट यांनी हे घर घेतलं. प्रार्थनागृहाच्या लाकडी छतावर राजनिष्ठेची चिन्हं रंगवली गेली : ट्यूडर घराण्याचा गुलाब आणि राणी कॅथरीनचं डाळिंब. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीचं कॅथरीनशी झालेलं लग्न रद्द ठरवण्यात आलं, आणि तिची चिन्हं दाखवणं गैरसोयीचं झालं. या छतावर मात्र ती राहिली. राजाच्या मर्जीतून वाचलेले हे रंग काळानेच फिके केले. आता मान वर करून बराच वेळ पाहावं तेव्हा आकार उमटतो.

  

वारस. १८८९ मध्ये घर विकायला निघालं आणि सर थॉमस कॉलियर-फर्ग्युसन यांच्याकडे आलं. त्यांचा मुलगा रिव्हर्सडेल ३१ जुलै १९१७ रोजी ईप्रच्या रणांगणावर पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर आला. थोरला मुलगा मॅक्स दुसऱ्या महायुद्धात गेला.

ओक. डेथवॉच बीटल नावाचा भुंगेरा जुन्या ओकमध्ये अंडी घालतो. त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं आतून लाकूड पोखरतात, बाहेरून तुळई धडधाकट दिसते. इथल्या ओकलाही तो लागला होता. १९८९ ते २००४ या काळात नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने घराचा बराचसा भाग सुटा केला, प्रत्येक जोडाची नोंद घेतली आणि पुन्हा उभा केला. खर्च एक कोटी पौंडांहून अधिक. मागाहून झालेल्या कामाखाली झाकलेले जुने भाग या कामात उघडे पडले. चौदावं शतक पाहायचं तर सतरावं किती उकलायचं, हा प्रश्न अशा कामात जागोजाग उभा राहतो. दोन्ही शतकं खरी असतात.

आणि सामान. सर थॉमस यांच्यानंतर घर मॅक्सचा मुलगा जेम्स याच्याकडे आलं. डागडुजीचा खर्च झेपेना. ऑक्टोबर १९५१ मध्ये तीन दिवस लिलाव चालला आणि घरातलं बहुतेक सामान विकलं गेलं. छपरावरच्या शिशासाठी घर पाडावं, अशीही सूचना आली होती. परिसरातल्या तिघांनी मिळून ५,५०० पौंडांना ते विकत घेतलं म्हणून ते टिकलं. १९५३ मध्ये त्यांच्याकडून ते अमेरिकेतल्या मेन राज्यातले चार्ल्स हेन्री रॉबिन्सन यांनी घेतलं. करांच्या नियमांमुळे ते वर्षातून चौदाच आठवडे इथे राहत. तरी त्यांनी तातडीची दुरुस्ती करून घेतली, रिकाम्या खोल्यांसाठी सतराव्या शतकातलं इंग्रजी लाकूडसामान आणलं, आणि १९८५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर घरासकट ते सारं ट्रस्टकडे गेलं. त्यांनी आणलेलं सामान जुनं आहे, अस्सल आहे. या घरात पिढ्यानपिढ्या वापरलेलं मात्र ते नाही; तसलं बहुतेक त्या तीन दिवसांत दारोदार गेलं.