तांबडी रेघ

रेघ मारायला काही लागत नाही. एक पट्टी, एक पेन्सिल आणि न थरथरणारा हात, एवढ्यावर काम भागते. ती पुसायला मात्र माणसाचे अर्धे आयुष्य जाते. हे ज्ञान मला आमच्या वाड्याने दिले.

वाडा पुण्याच्या कसबा पेठेतला. रस्ता रुंद करण्यासाठी शहराच्या विकास आराखड्यात जी तांबडी रेघ मारली आहे, ती आमच्या दिंडीदरवाजातून आत शिरते, ओसरी ओलांडते, चौकातल्या हौदाचा एक कोपरा कापते आणि पलीकडच्या भिंतीतून निघून जाते. सख्खा जावईही इतक्या मोकळेपणाने घरातून वावरत नाही! माझ्या लहानपणापासून ती तिथे आहे. रस्ता अजून आलेला नाही. पण रेघ आहे म्हणून वडिलांनी कौले बदलली नाहीत, काकांनी पोटमाळ्याची तुळई बदलली नाही. 'उद्या पाडायचेच आहे, आज कशाला खर्च?' या एका वाक्यावर कितीतरी पावसाळे गेले. घरे कुदळीने पडतात असा आपला समज असतो. पुष्कळशी घरे वाट पाहून पडतात.

म्हणून वाडा म्हणजे स्वर्ग होता असे मी म्हणणार नाही. नऊ बिऱ्हाडे आणि दोन संडास, हे स्वर्गाचे लक्षण नव्हे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठली. भाडेकरूंना निवारा मिळाला, पण मालकाला चुन्याची गोणी आणणेही जड झाले. आमच्या जुन्या भाडेकरू माई तर स्पष्टच सांगतात, "तुला हौदाचे कौतुक, कारण तुझे गुडघे शाबूत आहेत. मला लिफ्ट हवी." ऐंशी ओलांडलेल्या बाईला यावर काय उत्तर द्यावे?

शिवाय रेघ मारणारा काही वैरी नसतो. आग लागली तर बंब आत यायला हवा, सांडपाण्याला वाट हवी, वाढत्या गावाला शाळेसाठी जागा राखून ठेवायला हवी. वीस-वीस वर्षे पुढचे पाहायचे तर कोणाला तरी कागदावर रेघा माराव्याच लागणार. आपला 1966 चा नगररचना कायदा त्यासाठीच आहे. आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या जागा जपण्याचा विचार आराखड्यात व्हावा, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. मुंबईने तर 1995 साली वारसा इमारतींसाठी वेगळी नियमावलीच केली. अशा याद्यांत शनिवारवाडा येतो, विश्रामबागवाडा येतो. पण चौकातला हौद, गल्लीतला पार, बुजत चाललेली विहीर यांची दखल कोण घेणार?

मागे एकदा मोजणीसाठी एक तरुण आला होता. मोठा सालस मुलगा. तो नकाशा पाहून म्हणाला, "आजी, इथे हौद दाखवलेला नाही."

माई म्हणाल्या, "मग बाळा, नकाशाला चष्मा लाव."

आम्ही सगळे हसलो, तोही हसला. पण त्यात हसण्यासारखे थोडेच होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले गेले आणि पेठांतल्या हौदांत खेळवले गेले. ना पंप, ना वीज. नुसत्या उताराच्या हिशेबावर पाणी चालत येई. ज्यांनी तो उतार साधला, त्यांनाही पुढच्या शंभर वर्षांचे दिसत होतेच की! दूरदृष्टीचा आराखडा गावात आधीपासूनच होता, फक्त तो कागदावर नव्हता.

या संदर्भात मला नेहमी पॅट्रिक गेडिस आठवतो. हा मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ. एडिंबरोच्या जुन्या, मोडक्या वस्तीत तो बायकोसह राहायला गेला आणि तिथली घरे एकेक करून त्याने सुधारली. 1914 साली तो हिंदुस्थानात आला. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचा प्राध्यापक झाला. गाव म्हणजे जिवंत देह, त्याला कापायचे तर नाडी पाहून, कमीत कमी जागी कापावे, असे त्याचे मत. तो गल्लीबोळांतून पायी हिंडे. सरळसोट रुंद रस्त्यासाठी शेकडो घरे पाडण्यापेक्षा एखादे पडके घर काढून तिथे झाड लावावे, विहिरी आणि तळी बुजवण्याऐवजी स्वच्छ करावीत, असे तो सांगे.

होळकरांच्या इंदूरसाठी त्याने 1918 साली मोठा अहवाल दिला. तिथली एक हकीगत त्याच्या चरित्रांत येते. गावात प्लेगची भीती होती, आणि नकाशा घेऊन हिंडणारा हा दाढीवाला साहेब घरे पाडायला आला आहे, असे लोकांना वाटे. तेव्हा त्याने दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले. जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील, जिथली घरे नीट दुरुस्त होतील, तिथून ती जाणार, असे जाहीर केले. झाले! गावभर झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, अस्वच्छतेचा राक्षस होता आणि सफाई कामगार मानाने चालत होते. लोक ज्याला भीत होते, त्याच्याच मागून लोक निघाले.

ही गोष्ट मला दिवाळीत हमखास आठवते, कारण दिवाळीत आपण तेच करतो. जाळी काढतो, भिंती सारवतो, पण देवघर उचलून बाहेर टाकत नाही. मोडीत काय द्यायचे आणि कल्हई करून काय ठेवायचे, हे घरच्या बाईला विचारल्याशिवाय कोणी ठरवत नाही. शहराचेही तसेच व्हायला काय हरकत आहे? माईंना लिफ्ट मिळावी, बंबाला वाट मिळावी. आणि रेघ दोन हात सरकून हौदही राहावा. त्यासाठी रेघ मारणाऱ्याला हौद आधी माहीत तर हवा!

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात. परवा माईंना समोर बसवून मी आमच्या आळीतल्या जुन्या जागा लिहून घेतल्या. दोन हौद, तीन विहिरी, एक पार, एक गणपती आणि ज्याच्या सावलीत भाजीवाल्या बसत तो पिंपळ. कागद संपत आला तेव्हा माई म्हणाल्या, "खाली माझी लिफ्टही लिही."

तीही लिहिली आहे.