किर्लोस्करवाडी : माळावरची वसाहत

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. स्थानकाजवळच पंपांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत आहे. आम्ही बेळगावकरांनी हे स्थळ मुद्दाम पाहावे, कारण त्याचे मूळ आपल्याच गावात आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आले. शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील ३२ एकर माळ देऊ केला. ही गोष्ट १९१० सालची.

माळावर निवडुंग माजलेले, सापांचा सुळसुळाट. तरीही सुमारे २५ कामगार बायकामुलांसह लक्ष्मणरावांबरोबर तेथे गेले. केवळ रोजमुऱ्यासाठी कोणी आपली पोरेबाळे घेऊन अशा रानात जाईल, असे आम्हांस वाटत नाही. मालकाने पुढच्या काळाचा जो आराखडा मनाशी धरला होता, त्यात यंत्रशाळेबरोबर कामगारांची घरेही होती, त्यांच्या मुलांची शाळाही होती. निवडुंग तोडणाऱ्यास आपण आपलेच अंगण मोकळे करीत आहोत, हे दिसत होते. तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही येथे रखवालीचे काम मिळाले. ज्यांच्यावर कोणी भरवसा ठेवीत नव्हते, त्यांच्या हाती वसाहतीची रात्र सोपविली गेली.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्यात काय चालले आहे, पुढे काय होणार आहे, हे त्यातून सर्वांस कळू लागले. मराठी घरांत पोचलेले 'किर्लोस्कर' मासिक त्यातूनच उभे राहिले.

वसाहतीतून फिरताना आम्हांस आपल्या शाळा आठवल्या. दरवर्षी वरून विकास-आराखडा येतो, रकाने भरले जातात, सह्या होतात आणि कागद परत जातो. त्यात वर्गखोल्यांची संख्या असते. पण नव्याने आलेल्या शिक्षकास पाच वर्षांनी आपण येथे काय उभे केलेले असेल, हे त्यातून कळत नाही. मग तो घड्याळाकडे पाहून काम करू लागला, तर नवल नाही.

येत्या जूनमध्ये शाळेचे पुढील बेत ठरतील, तेव्हा शिपायापासून सर्वांस एकत्र बसवावे आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या तोंडूनच लिहून घ्यावा, असे आम्ही ठरविले आहे.