कोपऱ्यातला पदर

शूलिभंजनच्या पठारावर काढलेला एक फोटो गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर मावळतो आहे. रात्री जेवणं उरकली, मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला, की मी संगणक उघडतो आणि सूर्य असतो तिथंच, डोंगराच्या कडेपासून दोन बोटं वर, चिंचेनं घासून काढलेल्या तांब्याच्या परातीसारखा. मी एक पट्टी जराशी उजवीकडे सरकवतो, दुसरी डावीकडे ओढतो, आणि तीच संध्याकाळ कधी वैशाखातली होते, धुळीनं माखलेली, कधी पौषातली, हातपाय आखडून बसलेली, कधी भद्रा मारुतीच्या अंगावरचा शेंदूर आभाळभर लिंपल्यासारखी, तर कधी राखेखाली अर्धवट जागा असलेला निखारा. सगळ्या देखण्या.

त्यातली ती मात्र कुठलीच नाही.

ती मार्गशीर्षातली होती. दत्तजयंतीची गर्दी ओसरून गेली होती आणि पठारावर वाऱ्याशिवाय फारसं कुणी उरलं नव्हतं. एकनाथांनी इथं तप केलं असं पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. ते ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि तरी दरवेळी वर आलं की वाटतं, तप करायला माणूस इथं का आला असेल हे सांगावं लागू नये. एवढं मोठं आभाळ डोक्यावर घेऊन उभं राहिलं की बोलणं आपोआप आखूड होतं. वाळलेलं गवत गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचं झालं होतं. खाली खुलताबादचे घुमट होते. आमच्या गावाला संध्याकाळ घड्याळात पाहावी लागत नाही, घुमटांवर पाहता येते. १६२६ साली गेलेल्या मलिक अंबरची कबर गावाबाहेर आहे. तिच्या घुमटाची मावळतीकडची बाजू उन्हात ऊबदार, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी, आणि उगवतीकडची बाजू त्याच वेळी पारव्याच्या पाठीसारखी निळसर झालेली असते. एकाच घुमटावर दिवसही असतो आणि रात्रही. दोन्हींच्या मधली रेघ कुठे आहे ते मी लहानपणापासून शोधत आलोय. बोट ठेवायला जावं, तर ती पुढे सरकलेली.

पलीकडे डोंगर उतरतो आणि वेरूळ लागतं. तिथली चौतीस लेणी पश्चिमेकडे तोंड करून कोरलेली आहेत. दिवसभर अंगणात थांबलेलं ऊन उतरत्या वेळी उंबरा ओलांडतं आणि खांबांच्या पायाशी येऊन बसतं. एरवी काळाच म्हणावा असा आपला कातळ तेव्हा आतून तांबूस होतो, जणू सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत असतानाची ऊब त्याला क्षणभर आठवते.

आई एका दगडावर टेकली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास धरला, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी वाऱ्यानं तिचा पदर उचलून चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात आणून टाकला.

पुढचं छायाचित्र नाही. सूर्य गेला.

उजेडाला तापमान असतं, हे मला कॅमेऱ्यानं शिकवलं. केल्विनमध्ये मोजतात ते. दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या आसपास, जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड तीन हजारांच्याही खाली, आणि निरभ्र आभाळाखालची सावली सात हजारांच्या पलीकडे. आकडा जितका चढेल तितका उजेड निळा, आणि ज्याला आपण ऊबदार म्हणतो तो मात्र खालच्या आकड्यांवर बसलेला. मावळतीचा सगळा पेच इथंच आहे. सूर्याकडे तोंड केलेल्या गवताच्या पात्यावर एक उजेड पडलेला असतो, हवेच्या लांबच लांब थरांतून येताना वाटेत आपला निळा अंश सांडत आलेला. आणि त्याच पात्याच्या सावलीत दुसरा उजेड असतो, तो सांडलेला निळा, वरून आभाळातून झिरपणारा. संगणकावर तापमानाची पट्टी मात्र एकच. ऊन खरं करायला जावं, तर सावल्या पिवळ्या पडून आजारी दिसतात. सावल्या सांभाळाव्यात, तर ऊन निवतं. पहिल्या आठ रात्री मी एका आकड्यावर दोन उजेडांना राजी करत बसलो होतो.

मग कोपऱ्यातल्या पदराकडे लक्ष गेलं.

ती साडी धूपछाव आहे. पैठणच्या मागावर जसे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घालतात, तशी विणलेली. उभे वांगी, आडवे केशरी. घडी करून ठेवली की ती एका रंगाची वाटते, उलगडली की दुसऱ्या, आणि चालताना तर निऱ्यांनिऱ्यांतून ऊन नि सावली एकमेकांचा हात धरून पळत असतात. लहानपणी मी आईला विचारायचो, ह्या साडीचा खरा रंग कुठला? ती म्हणायची, नेसली की कळतो. आता वाटतं, ही सबंध संध्याकाळच कुणीतरी अशी विणलेली होती, आणि मी वेड्यासारखा तिच्यातले आडवे धागे तेवढे रंगवत बसलो होतो. त्या रात्री मी पहिल्यांदा उन्हाला हात न लावता फक्त सावल्यांना निळा दिला. अगदी थोडा. आणि केशरी, ज्याला मी स्पर्शही केला नव्हता, आपण होऊन पेटला.

माणसं सूर्यास्त रंगवायला बसली की लाल वाढवतात. मीही वाढवला होता. पण कॅमेऱ्याच्या आत रंग टिपणारे जे कण असतात त्यांतले निम्मे हिरवा पाहतात, एक चतुर्थांश तांबडा आणि एक चतुर्थांश निळा. मावळतीला तांबड्यांच्या घागरी काठोकाठ भरून वाहू लागतात, तर निळ्यांच्या तळाशीही पाणी नसतं. भरलेल्या घागरीत आणखी ओतलं तर काय होणार? सूर्याभोवतीचं ते नाजूक, डाळिंबाच्या दाण्याच्या सालीसारखं वलय सपाट पिवळं होऊन जातं. रंग वाढवताना रंगच मरतो. मला हे फार उशिरा उमगलं.

राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या मुलखात हिंडून काढलेल्या छायाचित्रांत आमचं गावही आहे, तेव्हा त्याला रौझा म्हणत. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळाच काय तो नीट कळे. आभाळ त्यांच्यावर करपून पांढरं पडे आणि तांबडं काळं उमटे. त्यांच्या चित्रांतलं आमच्या गावावरचं कोरं आभाळ पाहताना आधी हळहळ वाटायची, की एवढ्या संध्याकाळी पाहिल्या असतील त्यांनी इथं आणि प्लेटेला त्यातलं काहीच कळलं नाही. मग एकदा दिवेलागणीला अंगणात उभा असताना पाहिलं, जास्वंदीची फुलं काळी होत चालली होती आणि पानं अजून फिकी, उजळ दिसत होती. अंधारताना आपल्या डोळ्यांतलं तांबडं आधी विझतं, निळं-हिरवं मागे रेंगाळतं. रोज तिन्हीसांजेला काही मिनिटं आपणही त्या जुन्या काचेच्या डोळ्यांनी गाव बघत असतो तर.

चौकटीचं दुखणं वेगळं होतं. डाव्या हाताला बोरीचं झाड, मधे उतरत गेलेला डोंगर, वर आभाळ, आणि उजवीकडे खाली तो पदर. नियमानं पाहिलं तर क्षितिज खालच्या तिसऱ्या हिश्शावर आणायला हवं, सूर्य जरा बाजूला, आणि कोपरा कापून मोकळा. मी कापला. चित्र लगेच शहाण्यासारखं दिसू लागलं, दिनदर्शिकेवर शोभेल असं. कापणं वाईट नाही. दीड कोसावर कैलास उभा आहे, आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेला, त्यात बाहेरून आणून काहीच ठेवलेलं नाही, नको तो दगड तेवढा काढून टाकलेला. पण त्या कारागिरांना काय ठेवायचं ते ठाऊक होतं.

आता तर आभाळच बदलता येतं. २०२० पासून फोटोशॉपमध्ये त्याचं वेगळं साधन आहे. फिकं आभाळ द्या, पेटलेलं घ्या. मला त्याचा राग नाही. १८५०च्या दशकात फ्रान्समधला ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी जोडून एक चित्र करायचा, आणि ती चित्रं फार सुंदर आहेत. मीही एकदा बदलून पाहिलं. आभाळ भडकलं, पण पदर गप्पच राहिला. त्याच्यावर ज्या आभाळाचा उजेड पडला होता ते आता चित्रात नव्हतंच. परक्या घरी पाहुणा म्हणून बसावा तसा तो कोपऱ्यात बसून होता.

मी जुनं आभाळ परत आणलं. कापलेला कोपराही.

काल रात्री आई पाणी प्यायला उठली. महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय. डावा अजून व्हायचाय.

"काय करू राहिला रे एवढ्या रात्री?" म्हणत ती खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तळव्यानं उजवा डोळा झाकला, थोड्या वेळानं डावा.

"ह्या डोळ्यानं पाहिलं ना, तर चुलीपुढं बसल्यावानी दिसतंय. अन् ह्या नव्यानं सगळ्याला नीळ दिल्यावानी."

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि माणसाला ते कळतही नाही. ते काढून नवं बसवलं की वर्षानुवर्षं अडवून धरलेला निळा एकदम आत येतो. १९२३ साली चित्रकार मोनेच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्याच्याही एका चेहऱ्यात असेच दोन उजेड येऊन राहिले होते. मी पंधरा रात्री पट्टीवर जे दोन आकडे शोधत होतो ते आईच्या नाकाच्या अल्याडपल्याड शांतपणे बसलेले होते.

"मग खरं कुठल्या डोळ्याचं?" मी विचारलं.

तिनं दोन्ही हात खाली घेतले आणि दोन्ही डोळ्यांनी पाहू लागली. "हा माझा पदर नं?" ती कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली. "उडाला होता." आणि मग चित्राच्या खालच्या भागावर ते बोट फिरलं, जिथं मी सावल्या उचलून प्रत्येक दगड, प्रत्येक काटकी उजळून ठेवली होती. "पण हे इतकं दिसत नव्हतं रे. इथं अंधार झाला होता."

मी सावल्यांची पट्टी हळूहळू खाली ओढली. दगड बुडाले, मग गवत, मग बोरीचा बुंधा. वर आभाळ तेवढं राहिलं आणि कोपऱ्यात वांगी-केशरी असं काहीतरी, फडफडतंय की काय असं. त्या संध्याकाळी अशाच अंधारात मी तिला उतारावरून खाली आणलं होतं, एकेक पाऊल चाचपत, दोन्ही डोळ्यांत धुकं असलेली.

पट्टी आणखी थोडी ओढली. तिचा हात माझ्या दंडावर येऊन घट्ट झाला.