शेरवूडला उतरायचं कोणत्या साली?

एक कादंबरी माझ्या मनात कधीची रेंगाळते आहे. मला ती लिहायची नाही, वाचायची आहे. नॉटिंगहॅमकडची पंधरा वर्षांची मुलगी, बरोबर तिचा उनाड कुत्रा. शेरवूडच्या जंगलातला तो अवाढव्य मेजर ओक, जागोजागी टेकू लावून सावरलेला. मुलगी कुत्र्याचा पट्टा सोडवायला खाली वाकते आणि मान वर करून बघते तो टेकू गायब, झाड ऐन तारुण्यात. आता पुढे धनुष्यबाण, हिरवे अंगरखे आणि रॉबिन हूड यायलाच हवेत.

पण लेखकाचं घोडं इथेच पेंड खातं. तिला उतरवायचं कोणत्या साली?

नारळीकरांनी आपल्या कथेतल्या गंगाधरपंतांना पानिपत जिंकलेल्या पेशवाईच्या जगात नेऊन सोडलं, तेव्हा १७६१ हे साल तरी हाताशी होतं. रॉबिनचं तसं नाही. बहुतेक लेखक डोळे मिटून ११९४ धरतात. रिचर्ड राजा परमुलखात, धाकटा भाऊ जॉन सिंहासनावर टपलेला. वास्तविक रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं ते स्कॉटलंडच्या जॉन मेजर या इतिहासकाराने, तेही १५२१ साली. त्याला उमरावकी दिली १५९८ मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने. मग वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने सगळ्यावर असा काही रंग चढवला की खालची भिंत दिसेनाशी झाली. ‘गेस्ट’ या जुन्या गाथेत राजाचं नाव एडवर्ड आहे, रॉबिन साधा गावकरी आहे आणि त्याचा वावर जास्त करून शेरवूडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या बार्न्सडेलला. मॅरियन तर तिथे औषधालाही नाही. ती पुढे मे महिन्याच्या जत्रांमधल्या सोंगांतून आली आणि कथेत ठाण मांडून बसली. म्हणजे खरा कालप्रवासी हा रॉबिनच. प्रत्येक शतकात नवे कपडे करून हजर.

मला विचाराल तर त्या पोरीला १२२६ मध्ये उतरवावं. त्या वर्षीच्या सरकारी हिशेबात यॉर्कच्या एका फरारी माणसाची नोंद सापडते: रॉबर्ट हॉड, जप्त मालमत्तेची किंमत साडेबत्तीस शिलिंग. हाच तो रॉबिन, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी कादंबरीला एवढी फट पुरे.

आणि दुसरं कारण तिचा कुत्रा. १२१७ साली पोरसवदा हेन्री राजाच्या नावाने जंगलाची सनद निघाली. राजाचं हरीण मारलं म्हणून यापुढे कुणाचा जीव घ्यायचा नाही, अवयव तोडायचे नाहीत, असं तीत लिहावं लागलं, यावरून आधी काय चालत असेल ते ओळखावं. नव्या दयाळू कायद्यातही जबर दंड होताच, तो भरता आला नाही तर एक वर्ष आणि एक दिवस कैद, आणि सुटताना जामीन मिळाला नाही तर देशाबाहेर. राजाच्या जंगलात नुसती झाडंच नव्हती, गावंच्या गावं होती. त्या गावांतल्या कुत्र्यांनी हरणामागे धावू नये म्हणून त्यांच्या पुढच्या पंजाची तीन नखं छाटत. दर तीन वर्षांनी तपासणी. नखं शाबूत सापडली तर मालकाला तीन शिलिंग दंड.

आता बघा. चिखलात उभी असलेली ही मुलगी. राजाचा रखवालदार गुडघ्यावर बसून तिच्या कुत्र्याचा पंजा हातात घेतो, बोटं फाकवून बघतो. नखं जिथल्या तिथे. तो काहीतरी विचारतो. आठशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी तिला ओ की ठो कळत नाही. कळतं ते फक्त त्याच्या कमरेचं हत्यार. राज्य म्हणजे काय, हे समजायला एवढा एक पंजा पुरे. आणि त्या रॉबर्ट हॉडचा सगळा संसार अकरा कुत्र्यांच्या दंडाइतकाही भरत नाही, हा हिशेब तिला मागाहून आपोआप जमेल.

शेवटाचं काय? गाथा रॉबिनला कर्कलीजच्या मठात नेते. तो रक्त काढून घ्यायला जातो, तेव्हाच्या रीतीप्रमाणे औषध म्हणून. मठाची प्रमुख, त्याची नातलगच, दगा करते आणि तो मरतो. एकविसाव्या शतकातली पोर दाराशी उभी आहे. शीर उघडी ठेवली तर काय होतं हे तिला शाळेतच शिकवलंय. तिने आत धावावं की नाही? चांगल्या कादंबरीने इथे निदान एक प्रकरण तरी थांबावं. मी म्हणेन, धावू दे. रॉबिनला वाचवणं तिला जमेल की नाही हे लेखकाने ठरवावं. पण गाथा बिघडेल या भीतीने हात बांधून उभी राहणारी नायिका मला नको.

तेव्हा कुणी लिहायला घेतलीच ही कादंबरी, तर हात जोडून सांगतो: शेवटच्या पानावर रिचर्ड राजाला घोड्यावरून आणू नका. सगळ्यांना माफी देऊन टाकायची त्याची जुनी खोड आहे. आणि कुत्रा सुखरूप परत आणा.