जोराचा धक्का टिपणारं यंत्र

जे यंत्र जास्त बारीक थरथर टिपतं तेच जास्त सुधारलेलं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. भूकंपमापकांचा इतिहासही मला तसाच दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाबा वेधशाळेत मिल्नचं यंत्र आलं. पुढे १९८०च्या दशकात वीलांट आणि श्ट्रेकआयझेन यांच्या मापकाने कमाल केली: आतलं वजन हलू लागलं की विद्युतबल त्याला जागच्या जागी धरतं, आणि त्यासाठी किती बल लागलं यावरून जमिनीची हालचाल कळते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा भूकंप त्यात उमटतो. या यंत्राचं कौतुक मला आजही आहे.

मत बदललं ते कोयनेच्या नोंदीमुळे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा धरणाच्या गॅलरीत एक अ‍ॅक्सिलरोग्राफ होता. जोराचा हादरा बसल्यावरच सुरू होणारं हे यंत्र. सुरुवातीचा क्षण त्यातून निसटतोच. तरी त्याने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट त्वरण नोंदवलं. धरणाच्या आराखड्यात भूकंपाच्या बलासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. हे दोन आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत, हे मान्य. पण त्या नोंदीवरूनच चोप्रा आणि चक्रवर्ती या अभियंत्यांनी भिंतीचा उतार बदलतो तिथेच तडे का गेले हे गणिताने दाखवलं. काँक्रीटच्या धरणांचे अभ्यासक ती नोंद आजही वापरतात. इतक्या जवळ नाजूक मापक असता, तर त्याची रेघ पट्टीबाहेर गेली असती.

आणि किल्लारी? तिथल्या ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली त्वरणनोंद नाहीच. जमीन किती हलली ते आपण पडलेल्या दगडमातीच्या भिंतींवरून मागाहून ताडलं. हजारो माणसं गेली आणि पुढच्या घरांसाठी आकडा मात्र हाती लागला नाही, हे मला सहन होत नाही.

मोबाइलमध्ये असते तसली त्वरणमापक चिप दूरचे क्षीण भूकंप टिपत नाही; जोराचा धक्का मात्र चांगला पकडते, आणि आधीचे क्षणही साठवून ठेवता येतात. म्हणून भूकंपमापनाच्या निधीचा पहिला वाटा मी आता अशा यंत्रांना देईन: पाटण, औसा, उमरग्याच्या शाळांत आणि ग्रामीण रुग्णालयांत, एक तळाशी, एक गच्चीवर. इतक्या ठिकाणी अशासाठी की काळ्या मातीवरची इमारत आणि कातळावरची इमारत एकाच धक्क्याला वेगवेगळी हलते. त्या यंत्रांच्या बॅटऱ्या आणि घड्याळं दरवर्षी तपासणाऱ्या माणसाचा पगार मी यंत्राच्याच किमतीत धरतो.