सूत्रकृमीचं पाकीट म्हणजे औषध नव्हे, जित्राब आहे



"सूत्रकृमी" म्हटलं की आपल्याला धास्तीच वाटते. टोमॅटोच्या, डाळिंबाच्या मुळीवर गाठी कोण करतं? सूत्रकृमीच. मग तीच पैसे देऊन उसात सोडायची? पिंगळीत हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती वेगळी, ही वेगळी. हुमणीवरच्या जातीचं नाव हेटेरोरॅब्डिटिस इंडिका. ही पिकाच्या मुळीला तोंडच लावत नाही, तिला कीड लागते. मूळची आपल्याच देशातली. तमिळनाडूत उसाच्या शेंडे पोखरणाऱ्या अळीत सापडली आणि 1992 साली तिची नोंद झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने तिची भुकटी बनवायची पद्धत काढली.

लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. हुमणीच्या तोंडातून नाहीतर श्वासाच्या छिद्रांतून आत शिरते आणि पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडते. दोन-तीन दिवसांत हुमणी मरते, विटकरी लाल पडते. मग त्याच मढ्यात हजारो नवीन तयार होतात आणि दुसरी हुमणी शोधायला निघतात. म्हणून लाल पडलेली अळी दिसली तर बांधावर फेकू नका, तिथंच मातीत दाबा.

आता मुद्द्याचं. आपण ते पाकीट थिमेटसारखं वागवतो. पत्र्याच्या खोलीत ठेवायचं, भर दुपारी टाकायचं, अन् मग म्हणायचं, "काहीच फरक पडला नाही." पडणार कसा? आतले जीव आधीच मेलेले! पाकीट सावलीत, गारव्यात ठेवा. मुदत बघून घ्या. एक थेंब पाण्यात कालवून भिंगाखाली बघा. वळवळ दिसली तर जित्या आहेत, सगळ्या सुईसारख्या ताठ पडल्या असतील तर पैसे वाया.

सोडायची वेळ दिवस मावळताना. ऊन त्यांना सोसत नाही. पंपाची बारीक जाळी काढा, पाणी मधून मधून ढवळा, नाहीतर तळाला बसतात. एकरी साधारण 100 कोटी सूत्रकृमी लागतात. आकडा ऐकून घाबरू नका, तेवढ्या पाकिटांत मावतात. आळवणी बुडाशीच करा. कीटकनाशक त्यात मिसळू नका.

आणि ओल! मातीच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा असतो, त्यातूनच ही सरकते. आपल्या काळ्या रानात पावसानं दडी मारली, भेगा पडल्या, की तिचा रस्ताच बंद. आधी पाणी द्या, नंतरही ओल टिकवा.

हुमणीची वर्षाला एकच पिढी असते. जुलै-ऑगस्टात अळ्या लहान असतात, तोच मोका. पोळ्यानंतर त्या बोटाएवढ्या जाड झाल्या की आवरणं अवघड. फोरेट, म्हणजे आपलं थिमेट, 2020 च्या अखेरीस बंद झालं. तेव्हा वाळलेला ठोंब ओढला की हातात येतोय, अशी पाळी यायच्या आधीच हालचाल हवी.

एकट्या सूत्रकृमीवरही भागत नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. तेव्हा अख्ख्या शिवारानं फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले पाहिजेत. एकट्यानं केलं तर शेजारच्या रानातले येतातच.

या आठवड्यात चार-पाच ठोंबांच्या बुडाशी खुरप्यानं उकरून बघा. किती निघाल्या, केवढ्या आहेत, ते मला कळवा.